फोटोतला विडा

कोणत्याही मंगल कार्याचा आरंभ संकल्पाने व्हावा, असे शास्त्र सांगते. संकल्प म्हणजे हातात पाणी घेऊन, स्थळकाळाचा उच्चार करून, पूर्ण जाणिवेने केलेला निश्चय. एकोडीच्या मंडईच्या जत्रेतील पन्नासाव्या नाटकाचा संकल्प मात्र मधुकररावांच्या हातून भरल्या पोटी, किंचित पेंगुळलेल्या अवस्थेत आणि तोंडाला पान हवे होते एवढ्याच कारणाने झाला. पुढे जे घडले त्याचा दोष काहींनी मोबाइलला दिला, काहींनी कलियुगाला दिला. पण त्या दिवशी सकाळीच विजयमालाबाईंनी यजमानांच्या खिशातली पानाची डबी काढून घेतली होती, हे कारण या सर्वांच्या आधीचे आहे.

एकोडीची रीत अशी आहे. पोळा झाला की मारुतीच्या पारावर गावाची बैठक बसते. सत्यभामाबाई एकच विडा लावतात आणि पितळी तबकात ठेवून तो मध्ये मांडतात. जो कोणी तो उचलील, त्याने दिवाळीनंतरच्या मंडईला नाटक आणायचे. मग नाट्यमंडळीच्या मॅनेजरला गावात बोलावून त्याच तबकातून त्यालाही विडा द्यायचा. त्याने तो सर्वांसमक्ष तोंडात टाकला की बोली पक्की झाली. या व्यवहाराला कधी कागद लागला नाही, शिक्का लागला नाही. तबकाच्या कडेला एक पोचा आहे. तो कोणत्या वर्षीच्या भांडणात पडला याविषयी गावात दोन मते आहेत, पण रीत कधी मोडली याविषयी एकही मत नाही.

यंदा पन्नासावे वर्ष असल्यामुळे गावाच्या अपेक्षा इतक्या वाढल्या की दोन बैठका झाल्या तरी विड्याला कोणी हात लावीना. तिसरी बैठक पंगतीनंतर बसली. मधुकरराव भंडाऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवून, निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेले गृहस्थ. ते पाराच्या खांबाला टेकले होते. जेवण उत्तम झाले होते. तबक फिरत फिरत त्यांच्यापुढे आले. तबकात विडा होता, खिशात डबी नव्हती. त्यांनी विडा उचलला, तोंडात घातला आणि सावकाश चावून, कात थोडा जास्त झाला आहे, असे सांगितले.

मग त्यांचा शेजारी जागेश्वर उठला. "झालं बापा," तो म्हणाला, "यंदा गुरुजीनं विडा खाल्ला." आणि टाळ्या पडल्या.

ही चूक झाली, असे म्हणण्याची सोय होती. परंतु वर्गात चौतीस वर्षे सत्यवचनाचे माहात्म्य सांगितलेल्या मनुष्याला विडा गिळल्यावर ती उरत नाही. शिवाय तोपर्यंत गावाने त्यांना हार घातला होता. पुढच्या आठवड्यात घरोघरची वर्गणी त्यांच्या भंडाऱ्याच्या बँकेतील खात्यात जमा झाली, कारण गुरुजींच्या खात्यातून पैसा सहसा बाहेर पडत नाही, अशी त्यांची ख्याती होती. मंडईला सासरहून लेकी येतात, जावई येतात. पन्नासाव्या वर्षी एकोडीत नाटक नाही ही गोष्ट ते आपापल्या गावी घेऊन गेले असते, आणि ती कोणाच्या नावाने सांगितली गेली असती हे उघड होते.

मधुकररावांनी प्रथम खुशालला फोन केला. खुशाल हा नाट्यमंडळ्यांचे गाव असलेल्या वडशाच्या एका जुन्या मंडळीचा मॅनेजर. वीस वर्षे एकोडीचा विडा त्यानेच खाल्लेला. त्याने नम्रपणे सांगितले की पोळ्यानंतर पंधरा दिवस आपण वाट पाहिली, पण आता ती रात्र दुसऱ्या गावाला देऊन बसलो आहोत. मग मधुकररावांनी वडशातील इतर मंडळ्यांना फोन करण्यास आरंभ केला. प्रत्येक ठिकाणी आपली ओळख, मंडईचे माहात्म्य आणि फोनचे प्रयोजन या क्रमाने बोलायचे असा त्यांचा नियम होता. आणि प्रयोजन येण्यापूर्वीच, तारीख गेली, असे उत्तर येत असे. एका मॅनेजरने तर, लोक पुढच्या सालचं नाटक यंदाच ठरवतात गुरुजी, असे सांगून त्यांची कीव केली. कीव करून घेण्याची त्यांना सवय नव्हती.

गावातून सल्ले येऊ लागले. कोणी म्हणाले, नाटकाऐवजी गावातल्याच पोरांची नाचगाण्याची दंडार ठेवा. कोणी म्हणाले, पडदा लावून सिनेमा दाखवा. जागेश्वरने मंडईच पुढे ढकलावी असे सुचवले, पण खरे कारण त्याचा धान कापायचा राहिला होता हे होते. एका वृद्धाने, गुरुजींनीच रात्रभर प्रवचन करावे, अशी सूचना मांडली. तिच्यावर लोक इतके मनापासून हसले की मधुकररावांनी मनात जुळवलेली पहिली तीन वाक्ये तेथेच विरून गेली.

अशा वेळी त्यांचा पुतण्या धर्मेंद्र धावून आला. त्याचे साकोलीला मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते आणि नाटक समितीचा सचिवही तोच होता. दरवर्षीच्या बैठकीचे, मंडईचे फोटो मोबाइलवर एकोडीच्या नावाने टाकण्याचे काम तो भक्तिभावाने करी. त्याने वडशाच्याच पत्त्याची कलावैभव नाट्यमंडळ नावाची एक मंडळी मोबाइलवरच शोधून काढली. तिच्या जाहिरातीत रडणारी नायिका, पिस्तूल, देवघर आणि रेल्वेचे इंजिन एवढे सर्व एकाच चौकटीत होते. मॅनेजरचे नाव गोपीचंद. फोन केला तर आवाज तुपासारखा. तारीख कोणती सांगता, असे त्याने विचारले सुद्धा नाही. तुम्ही सांगाल ती रात्र तुमची, असे म्हणाला. आणि मधुकररावांना त्याने पहिल्याच वाक्यात आचार्य म्हटले.

भंडाऱ्यातील एकाही विद्यार्थ्याने त्यांना कधी आचार्य म्हटले नव्हते. मुले त्यांना मागून काय म्हणत ते त्यांना ठाऊक होते आणि ते येथे नमूद करण्याचे कारण नाही.

गोपीचंदाची अट एकच होती. सगळी बिदागी आजच्या आज त्याच्या खात्यात पाठवायची; कारण दुसरे एक गाव त्याच तारखेसाठी दाराशी बसले आहे. मधुकररावांनी आपली रीत सांगितली: मॅनेजरने आधी एकोडीला येऊन विडा घ्यावा, मग पुढचे. रीत कशी असते ते गोपीचंदाने आदराने, तपशिलात विचारून घेतले. मग म्हणाला, नायिकेची तालीम सोडून येता येत नाही, परंतु तुमची रीत आपण मोडणार नाही. तासाभरात मधुकररावांच्या मोबाइलवर फोटो आला. पितळी तबक, तबकात विडा आणि तो उचलणारा एक हात. चेहरा चौकटीबाहेर होता. खाली लिहिले होते, विडा स्वीकारला, आचार्य.

त्या संध्याकाळी पारावर जी चर्चा झाली तिच्या तोडीची चर्चा एकोडीने पूर्वी ऐकली नव्हती. फोटोत घेतलेला विडा हा विडा आहे काय, हा प्रश्न. जागेश्वरचे म्हणणे साधे होते. "फोटोतलं जेवण जेवता येते का जी? मंग फोटोतला विडा कसा खाता येईन?"

मधुकररावांनी डोळे मिटले. जन्मभराची विद्या अशा प्रसंगासाठीच असते. ते म्हणाले, गणपतीची मूर्ती नसेल तेव्हा आपण सुपारी मांडतो. रेशमी वस्त्र नसेल तर कापसाचे वाहतो. अलंकार नसतील तर अक्षता वाहून, हेच अलंकार, असे म्हणतो आणि देव ते मान्य करतो. मूळ द्रव्याच्या अभावी त्याचा प्रतिनिधी चालतो, हे सर्व शाखांना संमत आहे. मग विड्याच्या अभावी विड्याचे चित्र का चालू नये? पारावरच्या कोणालाही यात खोट काढता आली नाही. मधुकररावांनाही ती सापडली नाही, आणि आपला युक्तिवाद आपल्यालाच इतका पटावा याचा त्यांना मनातून आनंद झाला.

सत्यभामाबाईंनी मात्र मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो बराच वेळ पाहिला. "हा विडा माह्या हातचा हाये," त्या म्हणाल्या. "मी डावखुरी. माह्या विड्याची घडी उलटी रायते." त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. लोक प्रेमाने हसले. मधुकररावांनी तर, ज्याची श्रद्धा दृढ त्याला सर्वत्र आपलेच दिसते, असा त्याचा अर्थ लावून दिला.

घरी विजयमालाबाई वाट पाहत होत्या. त्या भंडाऱ्याच्या विणकर घराण्यातल्या. माहेरी लुगड्या-धोतरांचे दुकान. त्यांनी सर्व युक्तिवाद शांतपणे ऐकून घेतला.

"देवाले अक्षता चालते," त्या म्हणाल्या, "कारण देव ते घेऊन पळून जात नाही. आमच्या दुकानात बोटानं काठ पाह्यल्याबिगर गिऱ्हाईक पैसा काढे नाही. आणि तुमी मानूस न पाहता काढून राहिले."

मधुकररावांनी, उद्या पाहू, असे उत्तर दिले. ज्या आक्षेपाला उत्तर नसते त्याला ते हेच उत्तर देत.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने भंडाऱ्याला गेले. बँकेत खिडकीमागे जी अधिकारी बसली होती तिने त्यांना पाहताच उभे राहून नमस्कार केला. ती मोनिका. नववीत संस्कृतमध्ये दोन गुणांनी नापास झालेली त्यांची विद्यार्थिनी. गुरुजींनी तिला आशीर्वाद दिला, फॉर्म दिला आणि, पैसे आजच गेले पाहिजेत, असे सांगितले.

मोनिकाने नाव वाचले. मग तिने विचारले, "गुरुजी, हे गोपीचंद तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"त्यांची वाणी अत्यंत शुद्ध आहे."

"ते खरं. पण पाहिलं आहे का त्यांना?"

मधुकररावांनी फोटो दाखवला. मोनिकाने हात पाहिला, तबक पाहिले. मग ती हळू आवाजात सांगू लागली की असे फोन रोज येऊन राहिले लोकांना; अनोळखी खात्यात पैसे एकदा गेले की बँकेलाही ते ओढून आणता येत नाहीत; आणि अशी माणसे नेहमी घाई करतात. मागच्याच महिन्यात एका निवृत्त हेडमास्तरांचे असेच झाले. हा शेवटचा दाखला तिने द्यायला नको होता. निवृत्त हेडमास्तरांचे शहाणपण आणि आपले शहाणपण एकाच पारड्यात कोणी तोलावे, हे मधुकररावांना सोसले नाही. पैसा माझ्या खात्यातला, सही माझी, विचार माझा, असे त्यांनी संथ स्वरात सांगितले. रांगेतले लोक ऐकत होते.

मोनिकाने फॉर्मवरची सही संगणकावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि, सही जुळत नाही गुरुजी, असे म्हणाली. त्यांनी पुन्हा सही केली. तीही जुळली नाही. त्यांनी एकूण सात सह्या केल्या. अपमान वाढत गेला तसतशी प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा परकी होत गेली. सातवी तर त्यांना स्वतःलाही ओळखता येईना. ज्या मुलीच्या वहीवर आपण लाल शाईने फुल्या मारल्या, तिने आपल्या नावावर सात फुल्या मारल्या, हा विचार परतीच्या बसमध्ये साकोली येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून होता.

दोन दिवसांत गोपीचंदाचे अकरा फोन आले. आवाजातले तूप थोडे आटले होते. आचार्य, दुसरे गाव रडून राहिले, असे तो म्हणे. तिसऱ्या दिवशी मधुकरराव आधार कार्ड, पेन्शनचे पुस्तक आणि घरी शंभरदा गिरवून सरळ केलेली सही घेऊन पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले.

या वेळी सही जुळली. मोनिकाने फक्त एक टंकलिखित कागद पुढे केला. "एवढ्यावर सही करा, गुरुजी. याच आठवड्यात नियम आला."

कागदावर लिहिले होते: "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, ज्या व्यक्तीस मी ही रक्कम पाठवीत आहे तिला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, तिच्या घरी बसून पाणी प्यालो आहे, व मी समोर आल्यास ती मला ओळखील."

मधुकररावांनी तो तीनदा वाचला. लेखणी उचलली, खाली ठेवली. प्रतिनिधीचा युक्तिवाद त्यांनी पुन्हा मनात मांडून पाहिला. फोटोतल्या हाताला पाहणे म्हणजे व्यक्तीला पाहणे, असे एखादे वेळी म्हणता आले असते. पण पाण्याचे काय करायचे? पाण्याला प्रतिनिधी नव्हता. ते प्यालेले नव्हते.

"असत्यावर सही मी करणार नाही," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे," मोनिका म्हणाली.

बँकेच्या पायरीवर उभे राहून त्यांनी निर्णय घेतला. वडशाला जायचे, गोपीचंदाला पाहायचे, त्याच्या घरी पाणी प्यायचे आणि परत येऊन सही करायची. नियमाचा मान राहील, तारखेचाही राहील. त्यांना एकदाही असे वाटले नाही की आपण संशयाने जात आहोत. ते पाणी प्यायला जात होते.

सत्यभामाबाईंनी विडा लावून ओल्या फडक्यात बांधून दिला; गोपीचंद समोर भेटतोच आहे तर रीतही साक्षात पुरी व्हावी. तबक जागेश्वरने पिशवीत घेतले. साकोलीहून लाखांदूरमार्गे वडशाची बस धरली. वाटेत मधुकररावांनी, आम्ही येत आहोत, असा फोन केला. गोपीचंद कमालीचा संकोचला. येण्याचे कष्ट घेऊ नका, आम्ही दौऱ्यावर आहोत, असे म्हणाला. आम्हाला काही नको, फक्त एक पेला पाणी हवे, असे मधुकररावांनी सांगितले, तेव्हा फोन बंद झाला. विनय फार आहे, असे त्यांनी जागेश्वरला सांगितले.

जाहिरातीतला पत्ता स्टेशनासमोरचा होता. त्या पत्त्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याने दोघांकडे पाहिले, पिशवीतून डोकावणारे तबक पाहिले, पट्टा थांबवला आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा जी," तो म्हणाला. "या हप्त्यात तुमी तिसरे. कालचे तं हार घेऊन आले होते."

मधुकरराव पाणी प्याले. नियमातील एक कलम पुरे झाले होते, पण भलत्या घरी. पिठाचा एक थर त्यांच्या काळ्या टोपीवर हळूहळू बसत होता आणि तो झटकण्याचे त्यांना सुचत नव्हते. घरोघरच्या लोकांनी दिलेला पैसा, लेकी-जावयांची मंडई आणि चौतीस वर्षांचा आपला शब्द हे सगळे एका सहीने जाणार होते. आणि ती सही आपण घरी शंभरदा गिरवली होती.

"आता खुशालकडं जाऊ," जागेश्वर म्हणाला. त्याने, मी सांगितलं होतं, असे म्हटले नाही. शेजारधर्मातील हा त्याचा सर्वांत मोठा त्याग असावा.

खुशालचे कार्यालय चार दुकाने पलीकडे होते. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, सगळी हकीकत ऐकली आणि फोटो पाहायला मागितला. पाहिला आणि मोबाइल टेबलावर ठेवून आपला उजवा हात त्याच्या शेजारी ठेवला. अंगठ्याचे नख अर्धे होते. देखावा बदलताना फळीखाली सापडून गेलेले. फोटोतल्या अंगठ्याचेही अर्धेच होते.

"हा तं माहा हात हाये, गुरुजी. तीन सालाखालचा. तुमच्याच पारावर."

गोपीचंदाने रीत विचारून घेतली होती ती कशासाठी, ते आता कळले. धर्मेंद्रने भक्तिभावाने टाकलेल्या फोटोंतून त्याने एकोडीचा विडा, एकोडीचे तबक आणि एकोडीच्याच जुन्या मॅनेजरचा हात उचलून एकोडीला परत पाठवला होता. त्यांचीच वस्तू त्यांना दाखवून तो तिची किंमत मागत होता. आणि ही गोष्ट साऱ्या गावात फक्त ऐंशी उलटलेल्या एका बाईने ओळखली होती, जिच्यावर मधुकररावांनी श्रद्धेचे निरूपण केले होते.

खुशालने वही उघडून तारखा पाहिल्या. रात्र दिलेली होती, ती त्याला फिरवता येत नव्हती. "पन दुसऱ्या गावचा प्रयोग रात्री दहाले, तुमच्यापासून तासाभरावर," तो म्हणाला. "दिवसा करतो, काय म्हणता? दुपारी दोनले पडदा वर. मंडईत दिवसा नाटक कोणी केलं नाही अजून. पन वीस साल विडा खाल्ला तुमचा."

मधुकररावांनी जागेश्वरकडे हात केला. जागेश्वरने तबक काढले, पुसले, टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला. मधुकररावांनी फडके सोडले. फडके ओले होते, सुगंधित होते आणि रिकामे होते. लाखांदूरच्या थांब्यावर चहानंतर आपले तोंड कशामुळे रंगले, हे त्यांना आत्ता आठवले.

"गुरुजीच्या पोटात हाये," जागेश्वरने खुशालला समजावून सांगितले.

मधुकररावांच्या मनात अक्षता येऊन गेल्या. पण त्यांनी तो विषय काढला नाही. खुशालच हसून म्हणाला की मी परवा येतो एकोडीला. रीत आहे तिथेच बरी. आणि तो आला. सत्यभामाबाईंनी विडा लावला, खुशालने सर्वांसमक्ष तो खाल्ला आणि मधुकररावांनी सत्यभामाबाईंच्या पायांवर डोके ठेवले. सत्यभामाबाईंनी त्यांना उठवले आणि, घडी नीट पाहून घ्या गुरुजी, एवढेच म्हणाल्या.

खुशालला घेऊनच मधुकरराव भंडाऱ्याला गेले. खिडकीपाशी त्यांनी त्याला पुढे उभे केले. "हे गृहस्थ," ते म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलेले. यांच्या कार्यालयात मी पाणीही प्यालो. तो नियमाचा कागद दे. आज मी सही करतो."

मोनिकाने मान खाली घातली. "कागद नाही, गुरुजी. तसा काही नियमच नाही. तो मी टाइप केला होता." आणि मग, आणखी खाली पाहून, "पहिल्या दिवशी तुमची पहिली सहीही जुळत होती. समजावून तुम्ही ऐकलं नसतं. पण खोट्यावर सही नाही करणार, एवढं मला वर्गापासून माहीत होतं."

मधुकररावांच्या चेहऱ्यावर अनेक भाव येऊन गेले. विद्यार्थिनीने गुरूला दोनदा फसवले होते आणि गुरूचे सर्वस्व त्या फसवणुकीने वाचले होते. याला शास्त्राधार शोधण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.

"नववीत तुझे दोन गुण गेले होते," ते अखेर म्हणाले.

"हो, गुरुजी."

"तपासण्यात माझीच चूक झाली असावी."

चूक झाली नव्हती हे दोघांनाही ठाऊक होते. मोनिकाने डोळे पुसले, पैसे खुशालच्या मंडळीच्या खात्यावर पाठवले आणि गोपीचंदाच्या नंबरासह पोलिसांच्या सायबर शाखेला द्यायची तक्रार तिथेच बसून लिहून दिली. मधुकररावांनी तिच्यावर सही केली. पहिल्याच खेपेस जुळली.

मंडईच्या दिवशी दुपारी दोन वाजता एकोडीत उन्हातले पहिले नाटक लागले. दिवसा पाहायला मिळते म्हणून म्हाताऱ्या आल्या, लेकी तान्ह्यांना घेऊन आल्या, आणि जावई झोप न मोडता नाटक पाहायला मिळाले म्हणून एकोडीवर खूश झाले. पाहुणी म्हणून मोनिका पहिल्या रांगेत विजयमालाबाईंच्या शेजारी होती. पडद्यापूर्वी अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याविषयी चार शब्द बोलण्याचा मान मधुकररावांना देण्यात आला. त्या चार शब्दांना पस्तीस मिनिटे लागली. प्रथमच गाव हसत नव्हते, ऐकत होते. आपला युक्तिवाद, सात सह्या, गिरणीचे पाणी त्यांनी काही लपवले नाही.

याच वेळी त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. नंबर नवा होता. त्यांनी तो कानाला लावला आणि, जवळच माइक असल्यामुळे, तुपासारखा आवाज सगळ्या मंडईत पसरला.

"आचार्य, तुमची तारीख अजून राखून ठेवली आहे. अर्धेच पाठवा."

मधुकररावांनी घसा साफ केला. "अवश्य," ते म्हणाले. "तुम्ही या. मंडईत सारे गाव बसले आहे. विडा लावून ठेवला आहे, घडी डावी आहे. आधी तो खा आणि मग पाणी पिऊ."

मंडई इतकी हसली की दुसऱ्या टोकाचा आकाशपाळणा थांबला. फोन केव्हा बंद झाला ते कळले नाही.

आता एवढेच राहिले होते की, यंदासारखी धावपळ पुन्हा नको म्हणून पुढच्या वर्षीचा विडा आजच सर्वांसमक्ष मांडायचा, अशी जागेश्वरने सूचना केली होती आणि सत्यभामाबाईंनी ती मान्य केली होती. तबक माइकच्या शेजारी ठेवलेले होते. मधुकरराव तृप्त होते. पस्तीस मिनिटे बोलून त्यांचा घसा सुकला होता आणि लोक अजून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत विजयमालाबाई एकदम उभ्या राहिल्या. मोनिकाही उठली.

मधुकररावांनी विडा चावला आणि, कात यंदा बेताचा आहे, असे माइकवर सांगितले.